संत्रा काढून कॉफी लावावी काय?



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न मला निरनिराळ्या गावांहून आला. काटोलकडून आला, वरूड-मोर्शीकडून आला, सावनेरच्या एका भाऊंनी तर बसस्टँडवर गाठून विचारला. कॉफीला सोन्याचा भाव आला आहे म्हणतात, मग संत्र्याची म्हातारी बाग काढून तिथे कॉफी लावली तर कसे? काही गावांत रोपे विकणारी गाडीही फिरून गेली आहे. गाडीवाला गोड बोलतो. झाडाला काही करावे लागत नाही, तिसऱ्या वर्षापासून नुसत्या नोटा मोजायच्या, असे त्याचे सांगणे.

भाव आला हे खोटे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका जातीची कॉफी पौंडाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, ४ डॉलरच्या वर गेली होती. इतका भाव त्या बाजाराने आधी कधी पाहिला नव्हता. कारण काय? जगात सर्वात जास्त कॉफी ब्राझील पिकवतो आणि त्याच्या खालोखाल व्हिएतनाम. दोन्हीकडे पावसाने दगा दिला. म्हणजे कोणाचे तरी पीक बुडाले म्हणून कोणाला तरी भाव मिळाला. असे पूर्वीही झाले आहे. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलच्या पाराना भागात असे हिव पडले की बागाच्या बागा एका रात्रीत काळ्या पडल्या. १९७७ मध्ये भाव आभाळाला टेकले. ते पाहून जो तो कॉफी लावत सुटला. पुढे १९८९ मध्ये देशादेशांतला विक्रीच्या कोट्याचा करार मोडला आणि भाव धाडकन खाली आले. २००१ च्या सुमारास तर आणखी खाली गेले. कॉफीचे झाड लावल्यापासून फळ धरायलाच तीन-चार वर्षे घेते, पुरते उत्पन्न त्याच्याही पुढे. तोवर आजचा भाव कुठे असेल ते गाडीवाल्याला ठाऊक नाही, आणि त्याला त्याचे घेणेदेणेही नाही.

हे सर्व मी काटोल तालुक्यातल्या एका काकाजींना फोनवर सांगितले. साडेतीन एकर संत्रा, झाडे पंचवीस वर्षांपुढची, दोन वर्षे फळगळ सोसलेली. त्यांचे समाधान होईना. "साहेब, तुमी नाही म्हणता, पन काहून नाही ते तं सांगा. नुसतं नाही म्हटल्यानं माह्या पोराचं डोकं थांबत नाही." पोराने रोपांसाठी विसार देण्यापर्यंत मजल नेली होती. मी म्हटले, काकाजी, पोराला घेऊन एक दिवस नागपूरला या. कॉफी लावायची आहे ना, मग आधी ती विकत घेणारा माणूस पाहा. संत्रा लावताना आपण कळमन्याचा बाजार पाहतोच की नाही?

नागपुरात कॉफी भाजून दळून देणारे एक जुने दुकान माझ्या पायाखालचे आहे. मी कृषी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हापासून तिथे जातो. नागपूर हे रेल्वेचे मोठे जंक्शन. नोकरीच्या निमित्ताने दक्षिणेकडची पुष्कळ कुटुंबे इथे आली, राहिली, इथलीच झाली. त्यांच्याबरोबर त्यांचे फिल्टर आले. इंडियन कॉफी हाऊसचा कप नागपूरकरांना माहीत आहेच. ते पहिले कॉफी हाऊस १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला निघाले होते. पन्नासच्या दशकात कॉफी बोर्डाने ही हाऊसे बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या, आणि १९५७ पासून ती त्यांनीच चालवली. वाढपीच मालक! आपल्या सोसायट्यांनी कधी याचा अभ्यास करायला हवा. असो, तो विषय वेगळा.

तर आमचे अण्णा. दुकान आजोबांचे, भट्टी वडिलांची, मराठी अस्सल नागपुरी. त्याच दिवशी चिखलदऱ्याकडच्या बचतगटाच्या एक ताईही मी बोलावल्या होत्या. महाराष्ट्रात कॉफी म्हटले की चिखलदऱ्याचेच नाव निघते. इंग्रजांच्या काळात तिथे लागवड झाली, आणि जुनी झाडे घराच्या, बंगल्याच्या आवारात अजून दिसतात. ताईंच्या घरामागे अशी पंचवीसेक झाडे आहेत. त्यांनी दोन पिशव्या बिया आणल्या होत्या. का दोन, ते पुढे येईल.

अण्णांनी आधी हिरव्या बियांची पोती उघडून दाखवली. कॉफीची बी भाजण्यापूर्वी काळी नसते, मळकट हिरवी असते, भुईमुगाच्या दाण्याएवढी, एका बाजूने सपाट आणि मधोमध चीर. फळात अशा दोन बिया पोटाला पोट लावून असतात. कधी एकच बी धरते, ती गोल होते. तिला पीबेरी म्हणतात आणि ती वेगळी काढून विकतात. बाकीचा माल चाळणीने आकारावर पाडतात, जशी आपण संत्र्याची प्रतवारी करतो. काकाजींनी मूठभर बिया घेतल्या, वास घेतला, एक दातांनी फोडली. "याले तं वासच नाही," म्हणाले. अण्णा हसले. "काकाजी, वास अजून आत झोपला आहे."

मग भट्टी. लोखंडी पिंप फिरते, खाली गॅस. पहिल्यांदा ओल्या गवताचा वास येतो. मग बी पिवळी पडते आणि तव्यावर भाकरी टाकल्यासारखा वास सुटतो. मग तडतड आवाज, ज्वारीच्या लाह्या फुटतात तसा, पण दबका. तिथून पुढे माणसाला इकडेतिकडे पाहायला सवड नसते. अर्धा मिनिट जास्त झाले तर माल जळका. भाजण्यात किलोमागे दीडशे-दोनशे ग्रॅम वजन उडून जाते, पाणीच ते.

अण्णांनी पाच कप मांडले. दूध नाही, साखर नाही. प्रत्येकात एक मोठा चमचा भुकटी, वर उकळी बसलेले गरम पाणी. चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडायची, नाक कपाला लावायचे, आणि मग चमचाभर कॉफी आवाज करत ओढायची. आवाज झालाच पाहिजे म्हणाले. काकाजींच्या पोराला लाज वाटली, ताईंनी मात्र पहिल्याच खेपेला असा फुर्रकन ओढला की अण्णांनी वाहवा केली.

पहिला कप चिकमगळूरकडच्या अरेबिकाचा. बोदावलेल्या चिंचेचा नाही, चांगल्या पिकलेल्या संत्र्याचा असतो तसा हलका आंबटपणा, आणि मागे गुळाची चव. दुसरा रोबस्टा, जाड, कडू, फुटाण्याच्या टरफलाच्या वासाचा. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या दुपटीच्या आसपास असते, म्हणून ती डोक्याला लवकर लागते. आपल्या देशात पिकते त्यात रोबस्टाच जास्त. तिसरा कप चिकोरी मिसळलेला. रंग काळाशार, चव गोडसर कडवट. चिकोरी ही कॉफी नव्हेच. ते एका झाडाचे मूळ, कापून वाळवून भाजलेले. सूर्यफुलाच्या कुळातले हे झाड गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात लावतात. नेपोलियनच्या लढायांत युरोपात कॉफी येईना तेव्हा लोकांनी हे मूळ भाजून भागवले, आणि पुढे ती चव जिभेला बसली. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेले हवे, असा नियम आहे. वाचत कोण नाही, हा भाग निराळा.

आता चौथा आणि पाचवा कप, ताईंचे. चौथा तोंडात घेतला आणि आम्ही सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. मातीचा वास, वर ओल्या पोत्याचा, आणि घशाशी कच्च्या पेरूचा तुरटपणा. अण्णांनी चूळ भरली. पाचवा घेतला. अण्णा काही बोलेनात. दुसऱ्यांदा ओढला. मग म्हणाले, "ही कुठली?" ताई म्हणाल्या, "तेच झाड. तेच घर."

फरक एवढाच होता. चौथ्या कपाची फळे नेहमीप्रमाणे एकाच दिवशी फांदी ओरपून काढलेली, हिरवी-पिवळी-लाल सर्व एकत्र, आणि सारवलेल्या अंगणात जमिनीवर वाळवलेली. पाचव्याची मी सांगितल्याप्रमाणे. फक्त लालभडक फळे, चार वेळा फिरून वेचलेली. ती पाण्याच्या बादलीत टाकून वर तरंगतील ती फेकली. बाजेवर जाळी अंथरून पातळ थरात वाळवली, दिवसातून पाच-सहा वेळा हलवली, संध्याकाळी दव पडण्यापूर्वी झाकली. दोन आठवड्यांनी फळ कानाशी हलवून आत बी खुळखुळली तेव्हा कांडली. कॉफीची बी वासाची फार हावरी असते. जमिनीचा, शेणाचा, रॉकेलचा, मिरचीचा, जवळ असेल तो वास ती ओढून घेते. आणि एक सडकी बी सबंध घाणा बिघडवू शकते. म्हणून तर अण्णा निवडायला दोन बायका ठेवतात.

अण्णांनी पाचव्या पिशवीतला माल तिथल्या तिथे ठेवून घेतला आणि चौथ्या पिशवीला हात लावला नाही. फुकट दिली तरी नको म्हणाले. ताईंनी पैसे मोजून रुमालात बांधले. रागावल्या होत्या, ते मला दिसत होते. म्हणाल्या, "साहेब, आमी इतके वरीस व्यापाऱ्याले सगळं एकच करून देत होतो." मी काही बोललो नाही. ही गोष्ट त्या भागात कोणीतरी आधीच सांगायला हवी होती.

इकडे काकाजींच्या पोराचे डोळे चमकले. चिखलदऱ्यात होते तर काटोलात का नको? शंका रास्त होती. तिचे उत्तर कॉफीच्या फुलात आहे.

संत्रावाल्याला ते समजावणे सोपे आहे. आपण आंबिया बहार कसा धरतो? झाडाला ताण देतो, मग पाणी देऊन ताण तोडतो, की झाड फुलावर येते. कॉफी तशीच आहे. पावसाळ्यानंतर तिच्या फांदीवर कळ्या धरतात आणि कोरड्या थंडीत झोपून राहतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान इंच-दीड इंच पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत सबंध बाग मोगऱ्यासारखी पांढरी होते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी आणखी एक सर लागते, म्हणजे फळ टिकते. कर्नाटकातल्या कॉफीच्या डोंगरांत या सरी येतात. काकाजी लगेच म्हणाले, "म्हंजे तानच तोडनं झालं ना! ते तं आमी तुषार सिंचनानं करू." बरोबर आहे, तिथले बागायतदारही पाऊस चुकला तर तुषारच लावतात. पण फुलानंतर काय? त्यांच्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा दमट असते, डोक्यावर उंच झाडांची सावली असते. अरेबिकाला १५ ते २५ अंश हवे, रोबस्टाला २० ते ३०. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी झळा लागतात. पाणी विहिरीतून आणाल, झळा कुठे झाकाल? अरेबिकाला हजार ते दीड हजार मीटर उंची लागते. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून तिथे ती जगते. तरीही तिथे मार्च ते मे कोरडेच जातात, म्हणून झाडे थोडी आणि उत्पन्न बेताचे. नागपूर ३१० मीटरवर आहे, काटोल-वरूड त्याहून थोडे उंच, पण चिखलदऱ्याच्या जवळपासही नाही. रोपे लागतील, पावसाळ्यात हिरवीगार दिसतील, गाडीवाला त्याचे फोटोही काढील. पहिला उन्हाळा गाडीवाल्याचा नाही, आपला असतो.

गंमत अशी की कूर्गमध्ये संत्रा आणि कॉफी एकाच बागेत नांदत आले आहेत. कूर्गी संत्र्याला नागपुरी संत्र्यासारखेच भौगोलिक मानांकन आहे, आणि तो संत्रा कॉफीत आंतरपीक म्हणूनच वाढला. रोगराईने पुढे त्याची झाडे फार कमी झाली, पण मेळ जुना आहे. म्हणजे संत्रा कॉफीच्या घरी जाऊन राहिला. कॉफी संत्र्याच्या घरी येऊन राहील असे मात्र त्यावरून निघत नाही.

आकडेही पाहा. अरेबिकाचे आपल्या देशातले सरासरी उत्पन्न हेक्टरी साडेचार क्विंटलच्या आसपास आहे, तेही तिच्या माहेरी. हेक्टरात दोन-अडीच हजार झाडे धरली तर झाडामागे पावशेराहूनही कमी हिरवी बी. पाच-सहा किलो लाल फळ वेचावे तेव्हा किलोभर बी पदरात पडते. ती भाजली की आणखी घटते. एका झाडाच्या सबंध वर्षाच्या कमाईत पंधरा-सोळा कप कॉफी होते, बस. आणि वेचणी चार-चार फेऱ्यांची, प्रत्येक फळ हाताने. सध्या संत्र्याची तोड करायला मजूर मिळत नाही म्हणून आपण बागा ठोक्याने देतो, तिथे हे कोण करील? काकाजींनी शेवटी त्यांचा खरा प्रश्न विचारला, जो त्यांनी पहिलाच विचारायला हवा होता. "अन् साहेब, समजा झाली, तं कळमन्यात घेईन कोन?"

कोणी नाही. कॉफीचा बाजार दक्षिणेत आहे. १९४२ च्या कायद्यानंतर कित्येक वर्षे बागायतदाराने सारा माल कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यायचा आणि बोर्डाने तो विकायचा, अशी रीत होती. आपल्याकडे १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती, काहीसा तसाच प्रकार. नव्वदच्या दशकात ती बंधने टप्प्याटप्प्याने सुटली आणि १९९६ पासून बागायतदार माल कोणालाही विकू शकतो. पण विकायला आसपास भुसा काढणारी गिरणी हवी, प्रतवारी हवी, व्यापारी हवे. दहा-वीस झाडांचा माल अण्णांसारखा एखादा घेईल. साडेतीन एकरांचा घेणारा विदर्भात मला तरी दिसत नाही.

पोराने रोपांचा विसार दिला नाही. काकाजींनी जुन्या झाडांपैकी अर्धी काढून तिथे नवी संत्र्याची कलमे लावायचे ठरवले आहे, या वेळी गादीवाफ्यावर, पाणी निचरेल असे. फळगळीचे पाहायचे बाकी आहे. त्याविषयी पुढे कधीतरी सविस्तर लिहीन, कारण त्याची पत्रे कॉफीहून जास्त आहेत.

धारणी-चिखलदऱ्याकडच्या वाचकांना मात्र वेगळे सांगणे आहे. ज्यांच्या आवारात जुनी झाडे आहेत त्यांनी ती तोडू नयेत. वरची सावली राखा, सावली उघडी पडली की अरेबिकाच्या खोडाला पांढरा खोडकिडा लागतो. फांदी पिवळी पडून मान टाकू लागली आणि खोडावर उंचवटे दिसले तर ते झाड पावसाळ्याच्या आधी उपटून जाळा, शेजारच्या झाडांसाठी. नवी लावायचीच तर दहा लावा, शंभर नको, आणि रोपे गाडीवरची घेऊ नका. कर्नाटकात बाळेहोन्नूरला १९२५ पासून कॉफीचे संशोधन केंद्र आहे, बी तिथल्या शिफारशीचे हवे. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांनी सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी आणि त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवून चांगले नाव मिळवले आहे. त्यांची उंचीही साधारण चिखलदऱ्याएवढीच. पण त्यांच्याकडे उन्हाळ्यात वळवाच्या सरी येतात, हे विसरू नये.

घरातल्या वहिनींनी आणि मायबाईंनी विचारले आहे की शहरातल्यासारखी कॉफी घरी कशी होईल. फिल्टर नसला तरी चालते. भुकटी उकळू नका, हीच चूक बहुतेक घरांत होते. उकळली की कडवट पाणी उरते. चार कपांसाठी तीन-चार चमचे भुकटी पातेल्यात घ्या, वर दीड कप उकळलेले पाणी ओता, झाकण ठेवून सहा-सात मिनिटे विसरून जा. मग ओल्या स्वच्छ फडक्यातून गाळा, फडके पिळू नका. हा अर्क तापवलेल्या दुधात घाला, साखर आपल्या चवीने. भुकटी एका वेळी पंधरा दिवसांचीच आणावी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि तो डबा मसाल्याच्या फडताळात ठेवू नये, नाहीतर कॉफीला हळदीचा वास येईल.